बिनटॅपचा डिले

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला नाही, आमच्या ग्रुपमध्ये तर कुणालाच नाही. आता बोलायचं ठरवलंय तेही काही धीर आला म्हणून नव्हे – दमलेय, एवढंच. भरलेली पिशवी फार वेळ धरली की बोटं वळतात, मग ती कुठेही खाली ठेवावीशी वाटते. तसं काहीसं झालंय.

तुम्हाला गोष्ट किरकोळ वाटेल. इलेक्ट्रिक गिटारच्या एका पेडलची आहे. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. म्हणून तर इतकी वर्षं झाकून राहिली. मोठं पाप असतं तर कधीच बोंब झाली असती, नाही का?

मी नेरुळला राहते. वाशीत एका कंपनीत खरेदी विभागात आहे. म्हणजे या वस्तूपेक्षा ती वस्तू का बरी, हे दिवसभर साहेबलोकांच्या गळी उतरवायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आणि रविवारी मी गिटार वाजवते. आमचा हौशी ग्रुप आहे – हळदी, सोसायटीचे गणपती, सत्यनारायणाची पूजा, कुणी बोलावलं की जायचं. ग्रुप वसंतकाकांचा. स्पीकर त्यांचे, टेम्पो त्यांचा, शेवटचा शब्दही त्यांचाच. पावणे एमआयडीसीत त्यांच्या मित्राचा वर्कशॉपचा गाळा आहे, तिथे रविवारी मशीन बंद असतात, तेव्हा आमची प्रॅक्टिस. हळदीत साडी नेसलेली बाई गिटार वाजवतेय म्हटल्यावर लोक मोबाईल काढायचे. मला ते आवडायचं. का खोटं बोलू? ऑफिसात मला कोण बघतं, घरात कोण बघतं?

मग नितेश आला. सारसोळ्याचा, माझ्या बिल्डिंगपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घर. वडिलांची खाडीत होडी, हा स्वतः एसी दुरुस्तीची कामं करायचा. नुकतंच लग्न झालेलं. मोबाईलवर ऐकून ऐकून गिटार शिकलेला. पहिल्या दिवशी त्याने चार सूर वाजवले आणि गाळ्यात सगळे हातातलं सोडून त्याच्याकडे वळले. मीही वळले. त्याच्या बोटांत ते होतं – जे शिकवून येत नाही, आणि जे माझ्याकडे नाही हे मला कधीचं माहीत होतं.

दोन-तीन रविवार गेले असतील. वसंतकाका चहा पिता पिता म्हणाले, "लग्नसराईला स्टेज एवढंसं असतं. एकच गिटार नेऊ. बघू, या दोघांत कोण." सगळे हसले. मीही हसले. पण पोटात दुखलं ते दुखलंच.

आणि त्याच आठवड्यात नितेशने मला विचारलं, ताई, मना डिले घ्यायचा हाय, तुमी चला ना माज्यासंगती. वशिला नव्हे, सल्ला मागत होता. माझ्याकडे!

डिले म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गिटारला वायरने जोडून पायाशी ठेवायचं एक पेडल. तुम्ही वाजवलेला सूर ते पेडल धरून ठेवतं आणि जरा वेळाने परत देतं. आमच्याकडे त्याला इकोच म्हणतात. तो परत आलेला सूर तालात पडला तर एका गिटारच्या दोन वाटतात. नाही पडला तर दोन बायका एका नळावर. किती वेळाने परत द्यायचं ते एक खुंटी फिरवून ठरवायचं. काही पेडलांना मात्र आणखी एक बटण असतं – टॅप. गाण्याच्या तालावर पायाने त्यावर दोन-चार ठोके दिले की इको त्या तालाला लागतो. घरी बसून वाजवणाऱ्याला टॅप नसला तरी चालतं. पण हळदीचं गाणं? त्यात लय चढते. सुरुवात संथ, मग ढोलकीवाला ती चढवत चढवत नेतो, शेवटी नाचणाऱ्यांचे पाय दिसत नाहीत. बिनटॅपचा डिले मागच्याच लयीत बोलत राहतो. हे मला माहीत होतं. माझ्या पेडलला टॅप होता. प्रत्येक गाण्यात माझा पाय त्याच्यावर असायचा, साडीच्या निऱ्यांखाली.

शनिवारी दुपारी आम्ही वाशीच्या दुकानात गेलो. काउंटरवर दोन पेडलं ठेवली होती, एक टॅपवालं, एक बिनटॅपचं. नितेशने बिनटॅपच्यावर एकच सूर छेडला, तो परत आला, आणि तो पोरासारखा हसला. म्हणाला, "ताई, आयकला? आमी बारके व्हतो तवा खाडीच्या पुलाखाली होरी नेऊन हाका मारायचो. तसाच आवाज येतो ह्यो." मग परत वाजवला. डोळे मिटून ऐकत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला – हे सांगायलाही लाज वाटते – मला त्याचा राग येत होता.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, स्टेज पे बजाना है तो टॅपवाला ले लो, टेन्शन नहीं. नितेशने माझ्याकडे बघितलं. आणि बरोबर तोच प्रश्न विचारला, जो विचारायला हवा होता. "ताई, हलदीला लय चढते. मंग टॅप लागल ना?"

तेव्हा गप्प बसले असते तरी चाललं असतं. "मला नाही सांगता येत" म्हटलं असतं तरी चाललं असतं. दुकानदाराने त्याला नीट पेडल दिलं असतं. पण मी बोलले. ऑफिसात ज्या आवाजात बोलते, त्याच गोड आवाजात. म्हटलं, "अरे, टॅप ज्यांचा ताल कच्चा असतो त्यांना लागतो. तुला कशाला?"

केसाने गळा कापतात म्हणतात ना, तो असा. त्याला वाटलं ताईने कौतुक केलं. कान लाल झाले त्याचे. आणि बिनटॅपच्या पेडलचा आवाज खरोखर जास्त गोड होता, त्यामुळे माझ्या खोट्याला वर एक खऱ्याचं झाकणही मिळालं. मोबाईलवर दोन मिनिटं शोधलं असतं तरी त्याला कळलं असतं. त्याने शोधलं नाही, कारण ताईने सांगितलं होतं. त्याने बिनटॅपचं घेतलं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, जळफळाट झाला, माणूस आहे. पण मला जे सांगायचंय ते अजून पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस. गाळ्याचं शटर अर्धं खाली, ऑइलचा वास, पंखा आमच्यापेक्षा मोठ्याने वाजतोय. हळदीचं गाणं घेतलं. सुरुवातीला नितेशचा इको असा बसला की वसंतकाकांनी मान डोलावली. त्यांनी माझ्या वादनाला कधी मान डोलावली नव्हती. मग ढोलकी चढली. इको मागेच राहिला. आता नितेश स्वतःच्याच मागे पळायला लागला – आपण पुढे जातोय असं समजून हात हळू करायचा, मग ढोलकी सुटायची, ती धरायला जायचा तर इको आडवा यायचा. ढोलकीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. वसंतकाका म्हणाले, "अरे, ताल बघ, ताल!" परत सुरू केलं. परत तेच. घामाघूम झाला. सगळ्यांसमोर.

आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

मला माहीत होतं काय करायचं ते. "नितेश, इको बंद कर." एवढंच वाक्य. पेडलवर पाय मारला की बंद. तसाच साधा वाजवला असता तरी तो माझ्यापेक्षा दहापट बरा होता. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे अगदी खरं सांगते. मी खाली वाकले आणि गिटारची तार लावायला लागले. तार लागलेलीच होती.

संध्याकाळी शटरपाशी तो चपला घालत होता. म्हणाला, "तुमी बोल्ले व्हते ना ताई. ज्याचा ताल कच्चा त्याला टॅप लागतो. माजा तालच कच्चा हाय. मनाच कल्ला नाय आजवर." माझ्याच तोंडचं वाक्य त्याने उचललं आणि स्वतःला लावून घेतलं. यात माझी काही चूक असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. आणि मी काय म्हटलं असेल? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "प्रॅक्टिस कर रे, होईल हळूहळू."

तो परत आला नाही. काही दिवसांनी गिटार कुणाला तरी देऊन टाकली. पेडल मात्र माझ्या घरी घेऊन आला, तुमाला कामी येल म्हणाला. मी ते घेतलं. चहा विचारला, थँक्यू म्हटलं. लग्नसराईला स्टेजवर मी गेले. लोकांनी मोबाईल काढले. वसंतकाकांनी मान कधीच डोलावली नाही.

मी कधी त्याला खरं सांगायचा विचार केला नाही का? केला. बरेचदा केला. आधी वाटायचं, लगेच सांगितलं तर तो पुन्हा ग्रुपमध्ये येईल आणि माझं स्टेज जाईल. मग वाटायला लागलं, आता तो विसरला असेल, उगाच कशाला उकरायचं. आपलं झाकायला माणसाला किती सबबी सुचतात! माझा धंदाच तो.

पण तो विसरलेला नाही. या लग्नसराईत त्याच्या पुतण्याची हळद होती. तो अजून मला आवर्जून बोलावतो, घरातली मोठी ताई म्हणून खुर्ची देतो. ऊन उतरलं होतं. मांडवात धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, धवले गात होती, आजूबाजूच्या बायका साथ देत होत्या, आणि नितेशची मुलगी – शाळेत जाते आता – उपडं घमेलं मांडीत घेऊन वाजवत बसली होती. धवले संपले, बायकांनी नाचाचं गाणं धरलं. लय चढली. मी ऐकत होते. घमेलं लयीबरोबर चढलं, कुठेही न चुकता, जणू त्या सगळ्या बायका तिच्याच हातावर नाचत होत्या. मी सवयीने पायाने जमिनीवर टकटक करत होते आणि माझाच पाय मागे पडत होता.

ती थांबली आणि बापाला म्हणाली, मना ढोलकी शिकायची हाय. शाळेत ढोलकीचे वर्गान नाव घालायला सांगतान.

नितेशने हसून तिच्या हातांवर आपला हात ठेवला. "राव दे, बाय. आपले घरान ताल नाय. ह्या ताईंना इचार, त्यांना ठावूक हाय."

पोर माझ्याकडे बघायला लागली. नितेशही बघत होता, त्याच विश्वासाने, जसा दुकानात बघत होता. मांडवात तेवढ्यापुरतं गाणं थांबलं होतं, मी हळू बोलले असते तरी दोघांना ऐकू गेलं असतं.

मी हसले. तिच्या गालाला हात लावला आणि म्हटलं, "अभ्यास कर हं, बाळा."

तिने घमेलं उचललं आणि आत ठेवून आली.