उरलेला स्क्रू

हे जे सांगतो आहे ते शंभर टक्के खरं आहे. गळ्याची शपथ. बाजूला माझी बायको सुनंदा बसली आहे, तिला विचारा, ती सगळ्याला साक्षीदार आहे. म्हणजे ती त्या वेळी आत पोळ्या करत होती, पण आवाज तिला स्पष्ट येत होता. बरं, ऐंशी टक्के धरा. त्याच्या खाली मी उतरणार नाही.

तर आर्णीत बसस्टँडच्या मागे, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत, माझं छोटंसं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, झेरॉक्स काढायची, पीकविम्याच्या दिवसांत शिव्या खायच्या. त्याच दिवसांत माझा जुना कॉम्प्युटर गेला. गेला म्हणजे कसा, तर धूर काढून, मानाने गेला. नवीन आणायला यवतमाळला गेलो तर दुकानदार म्हणाला, तयार पेटी घेऊन जा. मी म्हटलं, नाही. सुटे भाग द्या. मी स्वतः जोडणार.

आता तुम्ही विचाराल, बाबा रे, तुला साधा मिक्सरचा प्लग बदलता येत नाही, तुला हे कोणी सुचवलं?

बबनने सुचवलं. म्हणजे सुचवलं नाही, पण कारण तोच. बबन माझा धाकटा भाऊ. नेरमध्ये त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. अकरा वर्षांचा असताना त्याने साबणाच्या डबीत रेडिओ जोडला होता आणि तो वाजला होता. मी म्हटलं, त्याच रक्ताचा मी. त्याच्या हातून अकराव्या वर्षी रेडिओ होतो, तर माझ्या हातून एक्कावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटर व्हायला काय हरकत आहे?

मग बबनलाच का नाही बोलावलं? हं. तिथेच तर पाणी मुरतं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. नवऱ्याकडचे पाहुणे फार शांत. पंगतीत नुसता वरण ओरपल्याचा आवाज. एवढी शांतता मला सोसत नाही. म्हणून मी एक किस्सा सांगितला. की आमच्या बबनने एका गुरुजींचा टीव्ही दुरुस्त केला, बंद केला तर एक स्क्रू उरला. पुन्हा उघडला, पुन्हा लावला, तर दोन उरले. असं करता करता डबा भरला, टीव्ही दोन किलोने हलका झाला, आणि शेवटी लावून पाहिला तर त्यातून नुसत्या बातम्या ऐकू येत, चित्र शेजारच्यांच्या टीव्हीवर.

पाहुणे लोळले. नवऱ्या मुलाच्या मामाच्या नाकातून मठ्ठा आला. बबनही हसला. वाढत वाढत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "दादा, जिलेबी घे."

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

कारण किस्सा पंगतीतून उठला आणि माझ्या आधी नेरात पोचला. लोक टीव्ही दुरुस्तीला टाकताना म्हणायला लागले, बबनभाऊ, स्क्रू मोजून ठेवजा. आधी गंमत म्हणून म्हणत. मग गंमत म्हणून नाही. मग दुसरीकडे न्यायला लागले. दिवाळीनंतर त्याने दुकान बंद केलं. आजकाल टीव्ही कोण दुरुस्त करतं, ते दुकान बंद होणारच होतं, असं मी सगळ्यांना सांगतो. स्वतःलाही सांगतो.

असो. कॉम्प्युटर.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नंतर म्हणाल सांगितलं नाही. आमच्या घरात नवीन वस्तूचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. फ्रिज सात वर्षांचा झाला, त्याच्या दांडीवर प्लास्टिक आहे. रिमोट प्लास्टिकमध्ये. दुकानातल्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये, मे महिन्यात गिऱ्हाईक उठलं की खुर्चीही दोन पावलं सोबत जाते. वस्तू नवीन राहिली पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं.

तर मी मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि बसलो. मोठा हिरवा बोर्ड पेटीत बसवला. त्याच्यात तो चौकोनी प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. डोकं तापतं, म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर. कूलर म्हणजे आपला खिडकीतला वाळ्याचा नव्हे, हा पेरूएवढा असतो. खाली धातूची गुळगुळीत चकती, वर पंखा. चकती अशी चकचकीत, की तिच्यात मी भांग पाडला. अलगद उचलली, अलगद बसवली, एक ओरखडा येऊ दिला नाही.

सुनंदाने पेटीला हळदकुंकू वाहिलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मी बटण दाबलं. पंखे फिरले. लाल-निळे दिवे लागले, साक्षात मंडप. पडद्यावर कंपनीचं नाव आलं. सुनंदाने हात जोडले.

आणि बंद.

पुन्हा दाबलं. पुन्हा मंडप, पुन्हा नाव, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर नावही आलं नाही. एक तास थांबून लावला तर नाव आलं. मग नाही आलं. शेतात नवीन लावलेला गडी जसा सकाळी दोन तास काम करतो आणि मग झाडाखाली जातो, तसा त्याचा कारभार.

मग काय, अख्खी आर्णी डॉक्टर झाली. चहावाला म्हणाला व्होल्टेज कमी आहे. विम्याच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, तोंड पूर्वेला करा. केलं. कोणी म्हणालं रॅमची पट्टी खोडरबरने घासायची असते. मी ती इतकी घासली की खोडरबर संपलं. मग मी सुनंदाला म्हटलं, तुझं ओलं कुंकू आत गेलं असेल. तिने दोन दिवस दुकानात चहा पाठवला नाही. आणि तिसऱ्या दिवशी कॅलेंडर आणून दाखवलं, की बटण तुम्ही अमावस्येला दाबलंत.

पण मीही काही कमी नाही. मी म्हटलं, याला गरम होत असेल. घरातला वाळ्याचा मोठा कूलर दुकानात नेला, पाणी भरलं, आणि थेट पेटीवर सोडला. तीन मिनिटं चालला! मी रस्त्यावर जाऊन चार लोकांना सांगून आलो. येईपर्यंत बंद. वर शेतकऱ्यांचे सातबारे ओले झाले ते वेगळेच.

बाहेर विम्याची रांग, आत आंधळा कॉम्प्युटर. तेव्हा सुनंदा म्हणाली, "भाऊजीले फोन लावा."

मी म्हटलं, नंबर नाही माझ्याकडे.

"तोंडपाठ हाय तुमाले," ती म्हणाली. "झोपेत बडबडता."

लावला. बबनच्या बायकोने, मंदाने उचलला. मी बबनला दे म्हटलं. ती म्हणाली, "ते घरी नाईत, दादा." आणि तिच्या मागे कोणीतरी खोकललं.

अहो, तो खोकला मी ओळखणार नाही? अठरा वर्षं त्या खोकल्याच्या शेजारी एका सतरंजीवर झोपलो आहे.

मग मी मंदालाच सगळा बिघाड सांगितला. मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, घरी नसलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल असा. मंडप सांगितला, नाव सांगितलं, वाळ्याचा कूलर सांगितला. ती हं हं करत होती. मग पलीकडे कुजबुज झाली.

"दादा," ती म्हणाली, "आतला छोटा कूलर हाताले गरम लागते का थंड, असं विचारून राह्यले."

"कोण विचारून राह्यले?"

पुन्हा कुजबुज. "कोनी नाई," ती म्हणाली.

मी हात लावून पाहिला. म्हटलं, थंडगार लागते, पाण्याच्या माठासारखा. आणि वर शेखीही मिरवली, की माल एक नंबरचा आणला आहे, त्याला घामच येत नाही. पलीकडे पुन्हा खोकला आला. पण हा जरा वेगळा होता. हसू दाबल्यावर येतो तसा.

आणि दुसऱ्या दिवशी बबन आला.

दारव्ह्याकडून येणाऱ्या बसमधून उतरला. तीच रेक्झिनची पिशवी, केस जरा पांढरे झालेले. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ सुनंदाच्या पाया पडला, खुर्चीवर बसला, खुर्चीचं प्लास्टिक करकरलं, आणि बोलायला लागला. माझ्याशी नाही. तिच्याशी.

"वहिनी, यायले म्हणा पेटीचं झाकण काढा."

मी तीन फुटांवर उभा. सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, झाकण काढा म्हणतात. मी काढलं.

"वहिनी, यायले विचारा, कूलर बसवण्याच्या आधी त्याच्या बुडाचं प्लास्टिक काढलं होतं काय?"

सुनंदाने विचारलंच नाही. तिने फ्रिजकडे पाहिलं. मग रिमोटकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

बबनने कूलर सोडवला, उलटा केला, आणि नखाने त्या चकचकीत चकतीवरून एक पारदर्शक कागद सर्रकन ओढून काढला. त्याच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, की लावण्याआधी काढा. माझ्या डोळ्यांदेखत मी त्याच्यात भांग पाडला होता. कॉम्प्युटरचं डोकं खाली तापून मरत होतं आणि वर कूलर प्लास्टिक पांघरून गारेगार बसला होता.

बबनने ते प्लास्टिक उजेडात धरलं. आणि हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळे पुसत. "वहिनी," म्हणाला, "यायनं कॉम्प्युटरले रेनकोट घातला." मी पण हसलो. सुनंदाला तर भिंत धरावी लागली.

मग त्याने आपल्या पिशवीतली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावून कूलर बसवला, झाकण लावलं, बटण दाबलं. मंडप लागला. नाव आलं. आणि पुढेही गेलं. बाहेर रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टेबलावर एक स्क्रू उरला होता.

आम्ही दोघांनी तो एकाच वेळी पाहिला. बबनने तो उचलला, तळहातावर ठेवला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सुनंदाला मध्ये न घेता म्हणाला, "दादा, हा बाबाच्या रेडिओतला तं नाई?"

हे तुम्हाला माहीत नाही. आमच्या बाबांचा रेडिओ होता. तो मी उघडला होता, बबनने नाही. लावताना एक स्क्रू उरला होता, माझ्याकडून. बाबांनी विचारलं कोणी खोललं, तर आठ वर्षांचा बबन म्हणाला, मी. आणि मारही त्यानेच खाल्ला. साक्षगंधात मी सांगितलेल्या किश्श्यात तेवढाच स्क्रू खरा होता, पण तो माझा होता.

एवढी गोष्ट. आता सुनंदा माझ्याकडे बघते आहे, म्हणून कबूल करून टाकतो.

प्लास्टिक खरं. अमावस्या खरी. वाळ्याचा कूलर आणि ओले सातबारे खरे. फोन खरा, खोकला खरा, थंड लागते का गरम हा प्रश्नही खरा. रेडिओ तर खराच.

बबन आला, हे खोटं.

मी थंडगार म्हणालो, तिकडे कोणीतरी हसू दाबलं, आणि मंदाने दूध उतू जाते म्हणून फोन ठेवला. मग मी तीन दिवस दारव्ह्याच्या बसच्या वेळेला स्टँडवर उभा राहिलो. कशाला, तर म्हटलं पाय मोकळे करू. चौथ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन यवतमाळला गेलो. ते प्लास्टिक दुकानदाराने ओढलं. तोही हसला, पण परक्या माणसासारखा, तोंडावर हात ठेवून. येताना सगळा रस्ता मी विचार करत होतो की इथे बबन असता तर काय बोलला असता. तो जे जे बोलला असता, ते मी तुम्हाला सांगितलं.

आता हा किस्सा मी चहाच्या टपरीवर सांगतो, रांगेत सांगतो, बसस्टँडवर ओळखपाळख नसलेल्या माणसाला धरून सांगतो. लोक म्हणतात, बुवा, स्वतःच्याच फजितीचा एवढा डांगोरा पिटताना तुलेच पाहिलं. त्यांना काय माहीत? माझा मागचा किस्सा एका दिवसात नेरला पोचला होता. हा कुठे अडकला कोण जाणे.

तुमच्यापैकी कोणी नेरला जाणार असेल तर तिथे सांगा. जसा आहे तसा सांगा, वर मीठमिरची लावू नका, ते काम मी केलेलं आहे. ऐकून तो नक्की विचारेल, किती स्क्रू उरले म्हणून. तर म्हणावं एक, खरोखरचा, पेटी जोडताना माझ्याच हातून उरलेला, गल्ल्यात जपून ठेवला आहे. पण तुझ्या भावाच्या बोलण्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. तू स्वतः येऊन मोजून जा.