घाणेरीच्या सावलीतली ड्यूबेरी

काकू आधी भीती घालायच्या आणि मग फळ द्यायच्या. "पान बघितलंस का? पान न बघता तोंडात घातलंस तर थेट दवाखाना," हे ऐकतच मी जयपूरच्या खातीपुऱ्यात वाढले. आम्ही रेल्वेवाल्यांची पोरं भाजीवाल्याकडच्या बोरांचंही पान शोधायचो. मी मुळात भित्री, त्यात या काकू शेजारी.

काकूंचं माहेर महाबळेश्वरच्या बाजूचं. तिथलं गौरीफळ, म्हणजे रानातली काटेरी रासबेरी, त्यांनी तीनदा जयपुरात आणून लावलं आणि तिन्ही वेळा उन्हाळ्यानं जाळलं. मग डेहराडूनहून बदलून आलेल्या एका शेजारणीनं ड्यूबेरीची मुळं फुटलेली फांदी दिली. "ही गौरीफळाची चुलतबहीण. ती उभी वाढते, ही सरपटते," असं म्हणत काकूंनी ती मागच्या कुंपणालगत, घाणेरीच्या दाट झुडपाखाली लावली. ती मात्र जगली. फांदीचं टोक मातीत दाबायचं, तिथं मूळ धरलं की नवं रोप. फळ दुसऱ्या वर्षी. "यंदाच्या फांदीकडं यंदाच फळ मागू नये," असं त्या बजावायच्या.

घाणेरीची फळं विषारी म्हणून सगळे सांगायचे, कापून टाका. काकू ऐकतील तर शपथ. "फळ विषारी असेल, सावली नाही ना?" त्यांनी आम्हाला फरक घोटून घोटून शिकवला. घाणेरीची पानं समोरासमोर, चुरगाळली की उग्र वास. ड्यूबेरीची तीन-तीन एकत्र, देठाला बारीक काटे. घाणेरीचा काळा मणी सुटा निघतो, आत एकच टणक बी. ड्यूबेरीचे मणी एकमेकांना चिकटलेले, अख्खं फळ गाभ्यासकट हातात येतं. चुकलं की पाठीत धपाटा.

आता मी जयपुरातच, राजा पार्कात राहते. काका गेल्यापासून काकू एकट्याच होत्या. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन पुढं ढकलत होत्या. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका रविवारी माझ्या पाच वर्षांच्या इराला घेऊन गेले. "चहा तू टाक गं, मी हिला बाग दाखवते," काकू म्हणाल्या. चहा उकळत असताना खिडकीतून पाहिलं. इराचं तोंड जांभळं झालेलं, काकू कुंपणापाशी पाटावर बसून चाचपून चाचपून तिला भरवत होत्या, आणि त्यांच्या पदरात घाणेरीचे मणी दिसत होते.

गॅस बंद केला की नाही, आठवत नाही. मी धावत जाऊन इराच्या तोंडात बोट घातलं आणि ओरडले, "काकू, पान बघितलंत का?"

काकूंचा हात तसाच राहिला. "देठ चाचपला होता गं," त्या म्हणाल्या. मग हळूच, "चाचपला होता बहुतेक."

ते 'बहुतेक' ऐकलं आणि मी इराला उचललं. मिळेल त्या ऑटोत बसलो. काकू अनवाणीच आल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत इराला देखरेखीखाली ठेवलं. मी दर मिनिटाला तिच्या छातीवर हात ठेवून बघत होते. काकू बाहेरच्या बाकावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. मी एकदाही उठून त्यांच्याकडं गेले नाही.

इराला काही झालं नाही. परतताना तीच म्हणाली, "मम्मा, वो गंदेवाले आजी वेगळे ठेवत होती. मला नाही दिले." काकूंची बोटं बरोबरच होती. माझ्या प्रश्नानं मात्र त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. याची लाज मला आजही वाटते. "काकू, तुम्ही चुकला नव्हतात," असं मी त्यांना दहादा सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून घाणेरी मुळासकट काढून टाकली.

सावली गेली तशी ड्यूबेरी वाळत चालली. मे उजाडायच्या आत मुलगा त्यांना साताऱ्याला न्यायला आला. मी टोकानं मूळ धरलेलं एक रोप कुंडीत काढून घेतलं. ते आमच्या बाल्कनीत आहे, आणि इरा त्याच्याजवळ गेली की अजून माझा जीव टांगणीला लागतो.

काकू साताऱ्याला निघाल्या त्या दिवशी इरानं वाळक्या वेलीवरचं शेवटचं फळ पानासकट तोडलं आणि काकूंच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी ते चाचपलं नाही. तळहात माझ्यापुढं धरला.

"पान तू बघ गं," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर ज्यांनी कुणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही, त्या मला बघायला सांगत होत्या. मी बघितलं. तीन पानं, देठाला काटे. उलटून पुन्हा बघितलं.

"आपलंच आहे, काकू."

मग त्यांनी ते तोंडात घातलं.