जीपला दुसरी टाकी

चहा घ्या आधी. कारण हे सांगताना माझा आवाज चढणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. असा पोपट माझा उभ्या आयुष्यात झाला नव्हता!

माझी जुनी फोर-बाय-फोर जीप तुम्ही पाहिलीय. वय माझ्याएवढं, तब्येत माझ्यापेक्षा बरी. पण डिझेल पीत नाही, ढोसते! आम्ही किहीमचे आणि भाचीचं लग्न दिवेआगरला. भाचीला हात धरून मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणजे माझा. वाटेत डिझेल संपलं तर? म्हटलं, जीपला दुसरी टाकी बसवायचीच.

"वाटेत पंप नाहीत का?" बायको म्हणाली.

झालं! बायकोने असं विचारल्यावर कोणता नवरा माघार घेईल?

माझा मेव्हणा मासेमारी करतो. त्याची जुनी बोट मोडीत निघाली होती आणि तिच्या दोन टाक्या अंगणात पडल्या होत्या. एक काळी, गंजकी, वास मारणारी. दुसरी स्टीलची, लखलखीत. मी लखलखीत टाकीवर हात ठेवला.

"भावजी, ती नको," मेव्हणा म्हणाला. "ती खलाशांच्या प्यायच्या पान्याची हाय. डिझेलची ही काली."

आता तुम्हीच सांगा, राग येणार नाही? चांगली स्वतःला आणि गंजकी बहिणीच्या नवऱ्याला!

"मला टाक्या शिकवतोस?"

"अवो, तिचं झाकन नुसतं वर ठेवायचं असतं. त्याला आटे न्हायत. डिझेल हिंदकळंल."

"बोट हिंदकळते! जीप रस्त्यावर चालते!"

रायगडचे रस्ते पाहिलेत ना तुम्ही? हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो होतो.

टाकी आणली. मेकॅनिकनेही विचारलं, "साहेब, झाकणाचं काय?" त्याच्यावर डाफरलो, "बांध दोरीने!" टाकी माझ्या सीटच्या मागे बसली आणि मी ती गळ्यापर्यंत भरली.

लग्नाच्या दिवशी नवा पांढरा झब्बा घालून निघालो. पहिल्याच खड्ड्यात पाठीला गार लागलं. मी रस्त्याला शिव्या घातल्या. पुढच्या खड्ड्यात मान भिजली. मी रस्ता बांधणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या.

बायको साडी आवरून दाराला चिकटून बसली होती. "अहो, टाकी सांडतेय."

"घाम आहे माझा!"

पुढच्या एका वळणावर दोरी तुटली आणि झाकण उडालं. मी करकचून ब्रेक मारला आणि टाकी आवरायला मागे वळून तिला मिठी मारली. मिठी! डोक्यापासून चपलेपर्यंत न्हालो. आणि जीपची मूळ टाकी? ती अजून अर्धी भरलेली होती. बायकोने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाकाला पदर लावला. त्याचा तर मला जास्तच राग आला.

दिवेआगरला पोचलो तेव्हा मुहूर्त दारात उभा. "मामा, मुलीला आणा!" अशी हाक आली. मी तसाच धावलो आणि गुरुजींनी नाक वर केलं.

"थांबा! मामा, तिथेच थांबा! इथे होम पेटायचाय."

"अहो, मान माझा आहे!"

"मान तुमचाच हो, पण मांडव झावळ्यांचा आहे!"

सगळा मांडव हसला. भाचीचे डोळे भरले होते, पण हसू तिलाही आवरेना. शेवटी बायकोने पदर खोचला आणि भाचीचा हात धरला. भाची जन्मली तेव्हापासून या क्षणाची वाट पाहत होतो मी. आणि आता झब्बा पिळत मागे सरकलो.

आता घरात लग्नाचा व्हिडिओ लावला की सगळे एकाच जागी थांबवतात. मंगलाष्टकं चालली आहेत, भाचीच्या मागे मामी रुबाबात उभी आहे. आणि मामा? तो तिकडे लांब पोफळीखाली उभा राहून अक्षता फेकतोय. त्याच्या शेजारी त्याचा मेव्हणा आहे, हातात वाळूने भरलेली बादली घेऊन.