वाळ्याच्या ताटीतून पडलेला बर्फ

तिसरा कागद बोर्डावर ताणून बसवला, तेव्हा भाऊ म्हणाले, "हा शेवटचा हाय गा. हाही बिघडवला, तं तू आपला कोकणात जाय."

भाऊ म्हणजे माझे मालक. नागपूरच्या गांधीबागेत त्यांचं पेंटिंगचं दुकान होतं. कापडवाल्यांच्या पाट्या, मधूनच एखादं चित्र. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी ब्रश धरायला शिकवलं, त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, घरातल्यासारखं जेवू घातलं. वेंगुर्ल्याला परत जाऊन आईला काय सांगणार होतो?

काम धंतोलीतल्या एका डॉक्टरबाईंचं होतं. त्यांनी जपानी कॅलेंडरचं पान दिलं होतं. बर्फात बुडालेलं लाल देऊळ.

"देऊळ नाही, विहार म्हणा," बाई हसल्या होत्या. "वॉर्डात लावायचंय. मे महिन्यात पेशंटला बघूनच गार वाटलं पाहिजे."

वॉटरकलरमध्ये बर्फाला पांढरा रंग लावत नाहीत. बर्फ म्हणजे कोरा सोडलेला कागद. रंगवायचं ते मागचं आकाश, तेही एका दमात, ओलं असेपर्यंत. याला वॉश म्हणतात. नागपूरच्या उन्हात माझा हात या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत मागचं वाळायचं आणि पट्टे उमटायचे. दोन कागद असेच गेले.

शेवटी घाबरत घाबरत बाईंना अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "मग इथेच येऊन काढा की. दुपारी माझी खोली रिकामी असते."

त्यांच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. आया शेवंताबाई बाहेरून तिच्यावर लोट्याने पाणी मारायच्या. आत हिरवट अंधार, ओल्या मुळांचा वास. मी विहाराचं छप्पर आणि पायऱ्या कोऱ्या राखल्या आणि करडा-निळा वॉश सोडला. पट्टा नाही! रंग डोळ्यांवर झोप उतरावी तसा खाली उतरत गेला. बाहेर धंतोली भाजत होती, आणि मी त्या पायऱ्यांवर एकटा उभा होतो. कुठेच आवाज नव्हता.

तेवढ्यात सपकन पाणी आलं. ताटीतून तुषार उडाले ते थेट माझ्या आकाशावर.

"शेवंताबाई!"

"काहून वरडून राहिला गा? गरम नाही होऊन राहिलं का तुले?"

टिपायला जावं तर आणखी बिघडणार. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. आता रात्रीची गाडी, आता आई, असं डोक्यात चाललेलं. आणि प्रत्येक थेंब हळूच रंग बाजूला सारू लागला. फिकट, मऊ ठिपके. कॅलेंडरात बर्फ नुसता साचलेला होता. माझ्या कागदावर तो पडत होता.

संध्याकाळी भाऊ आले. कॅलेंडरचं पान बघितलं, चित्र बघितलं, पुन्हा पानावर बोट ठेवलं. "याच्यात तं बर्फ पडून नाही राहिला."

"नाही, भाऊ."

डॉक्टरबाई चित्राजवळ आल्या. बघता बघता त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

भाऊंनी ते पाहिलं. मग माझे ब्रश स्वतः गोळा करत म्हणाले, "चाल गा घरी. तुही वहिनी जेवाची वाट पाहून राहिली."

पुढे आयुष्यभर हेच काम केलं, म्हणून सांगतो. वॉशची चमक गेली, पण कागद बोटाला अजून गार लागतोय, तेवढ्यातच थेंब टाकावा. आधी टाकला तर विरतो, नंतर टाकला तर डाग पडतो.

खरा बर्फ मी अजून पाहिलेला नाही. त्याला वाळ्याचा वास येत असावा, असं मात्र वाटतं.