चिमाबाईनं आगाऊ वाहिलेला पाय

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत चिमाबाईकडं सकाळी गेलं, की आधी भाकरीचा वास येतो, मग चुलीचा धूर येतो आणि त्याच्यामागून पदर खोचत चिमाबाई येते. तीही पळतच. कडक भाकरी करून विकणं हा तिचा धंदा. आता कडक भाकरी म्हणजे सबुरीचं काम. मंद आचेवर ती वाळू द्यायची, कुरकुरीत होऊ द्यायची, मध्ये बोट लावायचं नाही. आणि हे काम देवानं दिलं कुणाला, तर उकळायच्या आधीच चहा गाळणाऱ्या बाईला. "धीर सगळा भाकरीला दिलाय मी," ती म्हणते, "माज्यासाठी उरला न्हाय."

लग्नाच्या मांडवातसुद्धा तिनं अंतरपाट खाली यायच्या आधी नवऱ्याच्या गळ्यात हार टाकला होता. श्रीमंत, म्हणजे तिचा नवरा, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे. तो आजही सांगतो, "भटजी मंगलाष्टकं म्हणत व्हते, अन् मी हार घालून हुबा."

यांची एकुलती लेक ऋतुजा जर्मनीत शिकायला गेली. रोज संध्याकाळी ती फोन करायची आणि चिमाबाई मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापता थापता बोलायची. मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला चार-पाच दिवस पडद्यावर लेकीचा नुसता चेहराच दिसायला लागला. कधी उशीला टेकलेला, कधी भिंतीला. चिमाबाईला घाई असली तरी डोळे फार बारीक.

"जरा उठून पाणी आण बघू," ती एकदम म्हणाली.

"तहान नाही आई."

"तुला कोण पी म्हणतंय? नुसती हुबी ऱ्हा."

पलीकडं उशी सरकली. मग ऋतुजा हळूच म्हणाली, "आई, ओरडू नको. पाय मोडलाय."

कबड्डी खेळताना. चिमाबाईनं हातातली भाकरी तशीच परातीत टाकली. तिकडच्या कॉलेजात चार पोरींना जमवून ऋतुजानंच कबड्डी शिकवली होती. लेना नावाची एक दांडगी पोरगी तर इतकी तयार झाली, की तिनं गुरूलाच घोट्याला धरून आडवं केलं. दोघी एकमेकींवर पडल्या. लेनाचा पाय मुरगळला, ऋतुजाचं हाड मोडलं.

"इमानानं इतक्या लांब गेलीस ती कबड्डीच खेळाया?" चिमाबाई म्हणाली. "हितं काय माती संपली व्हती?"

पण खरी धास्ती पुढं होती. हाड जागेवर बसवून प्लास्टर घातलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, पुढच्या एक्सरेत हाड जुळताना दिसलं तर ठीक, नाही तर पाय उघडून धातूची पट्टी बसवायची. परक्या देशात लेकीचं ऑपरेशन, उशाला कोणी नाही, आणि चिमाबाईकडं पासपोर्टसुद्धा नाही. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या पहिल्यांदा करपल्या. श्रीमंत त्याच खात बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं लेनालाच फोनवर घ्यायला लावलं. सोनेरी केसांची, रुंद खांद्यांची पोरगी लंगडत पडद्यावर आली आणि मान खाली घालून उभी राहिली.

"तू पाडलंस न्हवं हिला? मग आता तूच सांबाळायची," चिमाबाईनं मराठीतच सुनावलं. "आमच्यात एकाच्या कुत्र्यानं दुसऱ्याचं मेंढरू लंगडं केलं, तर ते चालाय लागेस्तोवर चारापाणी त्यानंच बघायचं. इचार हिला, कबूल हाय का."

ऋतुजानं हसू दाबत सगळं सांगितलं. लेनानं गंभीर चेहऱ्यानं ऐकलं, विचार केला आणि मान हलवली. त्या दिवसापासून ती लंगडत लंगडत रोज सूप घेऊन यायला लागली.

"आई, तू मला मेंढरू म्हणालीस," ऋतुजा म्हणाली.

"मेंढरू बरं. ते कबड्डी खेळत न्हाय."

चारापाण्याची सोय लागली, आता राहिलं हाड. ते काम चिमाबाईनं माहेरच्या मायाक्का देवीकडं सोपवलं. मंगळवेढ्याच्या पुढं तिचं गाव, गावाबाहेर लिंबाखाली देवीचं छोटं देऊळ. पाय दुखला की चांदीचा पाय बोलायचा, डोळे आले की चांदीचे डोळे. आधी नवस बोलायचा आणि गुण आला की वाहायचा, ही रीत. पण एवढं थांबेल ती चिमाबाई कसली? आगाऊ दिलं की काम लवकर होतं, हा तिचा गिरणीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंतचा अनुभव.

"कंचा पाय, तेवढं बघून घे," श्रीमंत म्हणाला.

"फोटो आलाय की." ऋतुजानं कुबड्या घेऊन उभं राहून एक फोटो पाठवला होता. चिमाबाई फोटोकडं पाठ करून उभी राहिली, लेकीसारखे हात केले, पाय केले आणि म्हणाली, "उजवा."

सराफाकडून वीतभर चांदीच्या पत्र्याचा उजवा पाय आणला. पाचही नखं उठवलेली, घोट्याला तोड्याची नक्षी. पहिल्या एसटीनं मंगळवेढा, तिथून वडापची जीप, आणि दुपारच्या आत तो पाय मायाक्काच्या पुढ्यात भंडाऱ्यात पिवळाधमक होऊन पडला. परत येताना चिमाबाईला बसमध्ये बसायला जागा मिळाली. हा तिनं देवीचा पहिला होकार धरला.

पण पुढं विचित्रच घडायला लागलं. ऋतुजाचा पाय तसाच ठणकत होता आणि लेना मात्र दोन दिवसांत टणाटण उड्या मारायला लागली. सुपाचं भांडं घेऊन तीन-तीन पायऱ्या एकदम चढते म्हणे.

"पाडणारी बघ कशी टुणटुणीत हाय," चिमाबाई शेजारच्या काशम्माला म्हणाली. काशम्मा अक्कलकोटकडची, रागावली की कानडीत आणि हसायला आली की मराठीत बोलणारी. "अन् माजी कुबड्यांवर. देवीला काय दिसना झालंय का?"

एक्सरे दोन दिवसांवर आला. संध्याकाळी काशम्मा शेंगा सोलत बसली होती, चिमाबाई तव्यापाशी, ऋतुजा मोबाइलमध्ये डब्याला टेकलेली.

"काय वैताग आहे आई," ऋतुजा म्हणाली, "डाव्या पायाला प्लास्टरच्या आत नुसती खाज सुटलीय."

चिमाबाईचा हात तव्यावरच थांबला. "कंच्या पायाला?"

"डाव्या."

"मोडला त्यो कंचा?"

"अगं डावाच. प्लास्टर डाव्यालाच असणार ना."

"मग फोटोत उजवा कसा हाय?"

"तो आरशासमोर उभं राहून काढलाय."

काशम्मा शेंगा टाकून उठली. तिनं चिमाबाईला कपाटाच्या आरशापुढं उभं केलं आणि डाव्या हातात लाटणं दिलं. "आता बघ. आतल्या बाईनं कुठल्या हातात धरलंय?"

चिमाबाईनं पाहिलं. आतल्या बाईचं लाटणं पाहिलं, आपलं पाहिलं, पुन्हा आतल्या बाईचं पाहिलं. मग ती खाली बसली. "म्हंजी मी देवीला धडका पाय बरा कराया सांगून आले?"

काशम्मानं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलायला लागले. फोनमध्ये ऋतुजाला काही कळेना आणि कळलं तेव्हा ती इतकी हसली, की हसता हसता प्लास्टर खाटेच्या कडेला आपटलं आणि ती ओरडली. ते ओरडणं ऐकल्यावर चिमाबाईला हसू येईना. परवा एक्सरे, आणि देवीच्या दप्तरी पायच चुकीचा.

श्रीमंत कामावरून आला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मेकॅनिकसारखा तोडगा काढला. "पत्राच हाय न्हवं? जाऊन पालथा घाल. उजव्याचा डावा हुतोय."

"उलटा पाय?" चिमाबाई म्हणाली. "अवो, उलटा पाय भुताचा असतोय. लेक बरी करायचीय का हडळ?"

श्रीमंतानं हात धुतले आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सराफाकडं डावा पाय नव्हता. होते ते डोळे, एक पाळणा आणि दोन उजवे. "डावा करून देतो की," तो म्हणाला, "पण उद्या सकाळी." चिमाबाईनं त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून संध्याकाळीच करून घेतला. घाईत करंगळीचं नख राहिलं. "चालतंय," ती म्हणाली, "तिची करंगळी न्हाय मोडली."

एक्सरेच्या दिवशी ती निघाली. एसटी टायर बदलायला थांबली. वडापवाला अजून एक गिऱ्हाईक मिळेपर्यंत हलेना, तेव्हा ती म्हणाली, "दोघींची जागा माजी. मी अन् माजी लेक. हाण आता." तो हिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं दोनदा बघत निघाला.

देवळात तिप्पण्णामामा, तिच्या लहानपणापासूनचा पुजारी, खांबाला टेकून पान लावत होता. चिमाबाईनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"तर त्यो उजवा काडून द्या, अन् ह्यो डावा ठिवा."

"आक्काच्या पुढ्यातलं काडून?" मामानं चुना बोटावरच ठेवला. "हे काय बांगड्याचं दुकान हाय व्हय, बदलून द्याया?"

"माप चुकलं तर बांगडीसुदिक बदलून देत्यात की मामा."

"चिमे, गुण यायच्या आदी वाहिलास कशाला? थांबली असतीस तर पाय कळला असता."

चिमाबाई डावा पाय हातात धरून उंबऱ्यावर बसली. तिकडं एव्हाना लेक एक्सरेच्या खोलीत गेली असेल. कुणी धरलं असेल तिला? कपडे बदलताना एका पायावर तोल जातो. लहानपणी चप्पल घालतानासुद्धा ती आईच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहायची. चिमाबाईचा हात आपोआप डोक्याकडं गेला.

फोन वाजला. पडद्यावर ऋतुजा, आणि तिच्या काखेत हात घालून लेना.

"आई, जुळतंय. डॉक्टर म्हणाले, छान जुळतंय. ऑपरेशन नाही."

मामानं तिच्या हातातून फोन घेतला आणि "बोल बाळा" म्हणून स्वतःचाच कान दाखवत राहिला. तोवर चिमाबाईनं डोळे पुसून फोन परत ओढला.

"कदी काडला एक्सरे?"

"आत्ताच झाला. मघाशी."

"म्हंजी डावा वाहायच्या आदीच." तिनं मामाकडं पाहिलं, देवीकडं पाहिलं. मग काही आठवून म्हणाली, "ऋते, ह्या लेनाचा कंचा पाय मुरगळला व्हता?"

ऋतुजानं विचारलं. लेनानं खाली वाकून, खात्री करून, आपला उजवा पाय उचलून थेट कॅमेऱ्यासमोर धरला.

मग तिप्पण्णामामाच असा हसला, की पान घशात गेलं. चिमाबाईनं त्याच्या पाठीत दणका घातला आणि त्या दणक्याबरोबर तिलाही हसू फुटलं. ती भंडारा उधळत सुटली. देवीवर, मामावर, फोनवर. तिकडच्या पडद्यावर सगळं पिवळं झालं आणि त्या पिवळ्यातून लेना विचारत होती, काय झालं, काय झालं.

"तिला सांग," चिमाबाई म्हणाली, "तुजा नवस मी फेडलाय. आता जलमभर सूप पाज म्हणावं."

डावा पाय उजव्याशेजारी ठेवला. मामानं दोन्ही नीट जुळवून लावले. एक पाच नखांचा, एक चार नखांचा, पण जोड दिसत होता.

"आई," ऋतुजानं बिचकत विचारलं, "प्लास्टर निघाल्यावर मग... कबड्डी?"

चिमाबाईनं कपाळावरचा भंडारा पुसला. वडापवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. ती चप्पल शोधत, अर्धी बाहेर, अर्धी आत, फोनमध्ये म्हणाली, "खेळ. पण मायाक्काकडं आता दोनी पाय झाल्यात, तिसरा ती घ्यायची न्हाय. अन् हात मोडलास तर फोटो आरशातला धाडू नको."

आणि एक चप्पल तिप्पण्णामामाची घालून ती वडापात जाऊन बसली.