पत्र्याखालची फट

हे गेले तेव्हापासून नाव धरणाच्या काठावर बाभळीखाली पडून होती. दिग्रसकडून आमच्या गावाला येताना डाव्या हाताला जे पाणी दिसतं, त्या पाण्यापलीकडे आमचं अर्धं वावर राहिलं. बाकीचं धरणात गेलं. सडकेनं पलीकडे जायचं तर एसटी बदलून मोठा वळसा पडतो आणि पुढं पायी चालावं लागतं. म्हणून सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी ही लाकडी नाव बांधून घेतली होती. मधोमध सागाची डोलकाठी, आणि तिला मी खताची रिकामी पोती जोडून शिवलेलं शीड. वारा चांगला असला की वल्हं मारावं लागत नसे.

हे काविळीनं गेले. यवतमाळला दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर पलीकडचं वावर मी एका नातेवाइकाला बटाईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, दिलं आणि नावेकडे कोणी फिरकलं नाही. उन्हानं तिच्या फळ्या वाळून आक्रसल्या.

सासऱ्यांची नजर तोवर जवळजवळ गेली होती, गुडघेही धरले होते. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, “एकडाव मले पलीकडच्या वावरात नेजो, बाई.” त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हो म्हणून टाकलं, आणि मग दिवसभर त्या नावेचाच विचार करत राहिले.

धरणात मासे धरणाऱ्या लोकांनी नाव उचलून दगडांवर ठेवून दिली. गळती शोधायची ती उलट्या बाजूनं, असं सासऱ्यांनी सांगितलं. नाव पाण्यात घालायची नाही, पाणीच नावेत घालायचं. मी घागरीनं पाणी ओतायची आणि ते खाली बसून तळाच्या फळ्यांवरून तळहात फिरवायचे. ओल लागली की थांबायचे. मी तिथं चुन्याचं बोट ओढायची. पहिल्या दिवशी तळ पांढऱ्या रेघांनी भरून गेला आणि माझा धीर सुटला. पण पाणी एका जागी शिरतं, फळीच्या सांध्यातून सरकत जातं आणि भलत्याच जागी टपकतं. म्हणून सगळं पाणी उपसून, नाव सुकू देऊन, पुन्हा थोडं थोडं भरायचं. कितपत भरल्यावर ठिबकायला लागतं ते पाहायचं. असं करता करता बऱ्याच रेघा खोट्या निघाल्या.

खऱ्या फटी मी बोथट पटाशीनं खरवडल्या. घरच्या कापसाची वात वळून फटींत ठोकून बसवली, वरून जवसाच्या तेलात उकळलेली राळ भरली. दिग्रसहून राळ आणली तेव्हा दुकानदारानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं. नावेला, म्हटल्यावर त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

डोलकाठीच्या बुडाशी मात्र ठिबकणं थांबेना. तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. ह्यांनी ठोकलेला, आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात. ओठांत खिळे धरून ते नावेत बसले होते आणि मी काही विचारलं की नुसती मान हलवत होते. पत्र्यावर हात पडताच सासरेही थांबले.

मी म्हणाले, “वरून डांबर फासून देऊ, मामाजी. पत्रा राहू द्या.”

त्यांनी बोटानं पत्र्याची कड दाबून पाहिली. “खाली लाकूड सडून राह्यलं. तो असता त त्यानं कवाचाच काढला असता.”

“माझ्यानं नाही काढवत.”

“मंग मी काढतो. तू खिळा कुठी हाये तेवढं सांग.”

मी त्यांचं मनगट धरून एकेका खिळ्यावर नेलं आणि त्यांनी सांडशीनं ते उपटले. पत्रा सुटला आणि हातात घेताच कडेनं त्याचा भुगा झाला. खालचं लाकूड बोटानं दबत होतं. सासरे तिथंच टेकून बसले, उपरण्यानं तोंड झाकून घेतलं, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा रडले. मी त्यांना रडू दिलं. नंतर सुतार बोलावून कुजका भाग कापला आणि सागाचा तुकडा बसवून घेतला.

मग दगड भरून नाव काठच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवली, फळ्या फुगाव्यात म्हणून. जाणारे येणारे विचारत, नीट केलेली नाव काहून बुडवली? समजावत बसायला मला उमेद नव्हती.

तुरीला फुलं आली तेव्हा आम्ही निघालो. उंदरांनी कुरतडलेल्या शिडाला मी ठिगळं लावली होती. वारा मंद होता. शिडाची दोरी सासऱ्यांनी धरली होती. अर्ध्या पाण्यात त्यांनी वाकून तळाशी हात लावला.

“येते काय?” त्यांनी मला विचारलं.

“थोडं येते.”

“येऊ दे. थोडं त येतेच.”

पलीकडे माझ्या खांद्याला धरून ते धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, चालले. तुरीच्या फांद्या हातात घेऊन पाहिल्या, माती चिमटीत घेतली. ह्यांनी शेवटचं वखर कुठवर मारलं होतं, एवढंच विचारलं. मी त्यांना तिथं नेऊन उभं केलं. तुरीत कुठंतरी तितर ओरडत होता.

परतताना शिडाची दोरी त्यांनी माझ्या हाती दिली. कधी ओढायची, कधी सैल सोडायची, हे वाऱ्याकडे तोंड करून सांगत राहिले. दोनदा शीड फडफडलं आणि नाव भलतीकडे वळली, पण त्यांनी दोरी परत घेतली नाही.

पुढच्या हंगामात मी बटाई मोडली. आता ते वावर मी करते. सासऱ्यांना काठापर्यंतही येववत नाही. संध्याकाळी परतले की मी त्यांना पलीकडचं सगळं सांगते आणि ते खाटेवर पडून ऐकतात.