आप्पांच्या टाकीतली माकुळं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लातूरच्या बोअरचं पाणी तापवत राहिलं की भांड्याच्या बुडाला जसा पांढरा थर धरतो, तसे ते आपोआप साचतात. आपण आपलं पाणी तापवत असतो, एवढंच! गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून घरात समुद्रातली माकुळं वाढवली. तेव्हापासून कुणीही भेटलं की विचारतं, "मॅडम, ते काय होतं हो तुमच्याकडं?" मी सांगायला घेते एक, आणि निघतात चार.

माकूळ म्हणजे मासा नव्हे. शंखशिंपल्यांच्या कुळातला प्राणी. आठ हात, दोन लपवून ठेवलेल्या लांब सोंडा आणि क्षणात रंग बदलणारं अंग. पोपटाच्या पिंजऱ्यात समुद्रफेस म्हणून जो पांढरा तुकडा अडकवतात ना, ते याच्याच पाठीतलं हाड.

आणि आम्ही चौघं म्हणजे: मी, मूळची नांदेडची, लातूरला कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. माझे घरमालक वीरभद्र आप्पा, त्यांचा पाण्याच्या जारचा छोटा आरओ प्लँट आहे. त्यांच्या पत्नी महानंदा काकू, माहेर निलंग्याकडचं. आणि युसूफभाई, माझ्या वडिलांचे जुने दोस्त. नांदेडला त्यांचं फिश टँकचं दुकान आहे.

* * *

टाकी ठेवली आप्पांच्या पुढच्या खोलीत. वरच्या मजल्यावर माझ्याकडं इन्व्हर्टर नाही, आणि शुद्ध पाणी तर खालीच. आप्पांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. दिवसभर पळणारा माणूस, डॉक्टरांनी खुर्चीत बसवलेला. "ठेवा की इथं. तेवढीच सोबत," म्हणाले.

पण खाऱ्या पाण्याची टाकी आधी दीड-दोन महिने तशीच चालवावी लागते, तेव्हा कुठं ते पाणी कुणाला जगवण्याच्या लायकीचं होतं. तेवढे दिवस टाकीत वाळू, दोन दगड आणि बुडबुडे. आप्पा आपले सकाळपासून समोर बसलेले. एक पाहुणे गुडघ्याची चौकशी करायला आले, त्यांनी चारी बाजूंनी वाकून बघितलं.

"आप्पा, मासे कुठायत?"

"यायचेत अजून."

"मग तुम्ही काय बघायलाव?"

आप्पा म्हणाले, "आत्ता निस्ती बसायची सवय करायलो!"

* * *

माझी एम.एस्सी.ची मैत्रीण रत्नागिरीला असते. माकुळं मासेमारांच्या दोरांना, सापळ्यांना अंडी चिकटवतात. दोर वर ओढला की ती खरवडून फेकली जातात. असाच एक घोस तिनं वाचवला आणि मी तो थर्माकोलच्या डब्यात घालून लातूरला आणला. द्राक्षाएवढी, पांढुरकी, आरपार दिसणारी अंडी.

आता अडचण अशी, की खोली देताना काकूंनी मला पहिलीच अट घातली होती, "घरात अंडं-मटण चालणार न्हाई." गळ्यात लिंग असलेलं लिंगायत घर ते. पिल्लं आणायची एवढंच मी बोलले होते. ती अंड्यातून यायचीत हे सांगायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर टाळलं होतं. उंबऱ्यावर काकूंनी विचारलं, "डब्यात काय हाय?"

"अंडी, काकू."

काकू आप्पांकडं बघायला लागल्या. आप्पा डब्याकडं. मी सामान बांधायची मनाची तयारी केली!

"मॅडम," आप्पांनी विचारलं, "खायाची का सांभाळायची?"

"सांभाळायची."

"मग ती अंडी न्हाईत," आप्पा काकूंना म्हणाले, "लेकरं हायत. सर बाजूला, आत येऊ दे."

* * *

मार्च-एप्रिलची गोष्ट. आमच्या भागात नळाला दहा दिवस पाणी नव्हतं. टाकीचं थोडं पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं, म्हणून मी अंगणात ड्रममध्ये प्लँटचं स्वच्छ पाणी भरून त्यात मीठ ओतत होते. जार न्यायला आलेली शेजारच्या गल्लीतली एक बाई थांबून बघत राहिली.

"बाई, ह्यात मीठ घालायलाव?"

"हो. समुद्राच्या पाण्यासारखं करायचंय."

ती भांडली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "पण हे गोड व्हतं की ओ."

  वर्गात मी परिसंस्था शिकवते, आणि त्या दिवशी हातातला मिठाचा मग मला खाली ठेवता येईना की ओतता येईना.

आप्पा खुर्चीतून सगळं ऐकत होते.  महिन्याभरानं काकूंकडून कळलं, त्या दिवसापासून ते एका तांब्यात टॉवेल बुडवून अंग पुसत होते. टाकीला लागणाऱ्या बादल्या त्यांनी स्वतःच्या आंघोळीतून वळत्या केल्या होत्या.

"लेकरं समुद्रात," काकू म्हणाल्या, "अन् बाप कोरडा!"

* * *

अंड्यातलं पिल्लू वाढायला लागलं की त्याचे डोळे आधी दिसतात. मोठे, काळे. एके दिवशी आप्पांनी मला जिन्यातून हाक मारून बोलावलं. "मॅडम, ह्ये आतून माझ्याकडं बघतंय!"

खरंच बघतं. मी त्यांना सांगितलं, की अंड्यात असतानाच ही पिल्लं बाहेरचं बघून शिकतात. जे प्राणी आतून दिसतात, बाहेर आल्यावर तेच खायला त्यांना जास्त आवडतं, असं अभ्यासकांना दिसलंय.

"म्हंजे काय खातेत ही?"

"झिंगे, खेकडे. जिवंतच लागतात."

 ही गोष्ट मी त्यांना आधी नीट सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर टाकीच्या काचेला टेकवून, बरोबर अंड्यांच्या समोर, एक वाटी ठेवलेली. मोड आलेले मूग!

"आप्पा, हे कशाला?"

"बघू द्या की त्येनला," आप्पा म्हणाले. "आवड लागली तर लागली!"

* * *

नाही लागली. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं निघाली, एकोणीस. नखाएवढी, पण अगदी पूर्ण माकुळं. निघाल्या निघाल्या वाळूच्या रंगाची होऊन बसली. दोन-चार दिवस पोटातला बलक पुरतो, मग जिवंत खाणं लागतं. नांदेडला विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढे झिंगे मिळतात. खाऱ्या पाण्यात ते फार वेळ तगत नाहीत, पण पिल्लांना तेवढा वेळ पुरतो.

झिंगे आणायचे युसूफभाई. एस.टी.नं. दुधाची किटली आणि तिच्यात हवा सोडणारा सेलवरचा बारका पंप. पहिल्याच खेपेला ते पहाटेपासून मासे धरणाऱ्या भोयांबरोबर पाण्यात उभे होते, त्यामुळं बसमध्ये डोळे मिटायला लागले. शेजारच्या बाईला त्यांनी सांगून ठेवलं, "ताई, हा घूं-घूं आवाज बंद पडला तर मला उठवा. झिंगे मरतात." आणि झोपले.

लोह्याच्या पुढं सेल संपले. बाईनं त्यांना उठवलं, पण हे उठेनात. मग तिनं किटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यायचा पेला घेतला आणि आतलंच पाणी वरून धार धरून पुन्हा आत ओतत बसली. तेवढीच हवा! तिला अहमदपूरला उतरायचं होतं. तिनं पेला मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या हातात दिला. तो चाकूरला उतरला, त्यानं आणखी कुणाला दिला.

लातूर आलं तेव्हा युसूफभाईंना जाग आली. शेजारी एक अनोळखी मुलगी, हातात पेला, ओतणं चालूच.

ती विचारत होती, "काका, मला आता उतरायचंय. हे पुढं कुणाकडं देऊ?"

* * *

झिंगे जिवंत आले, पण ते टाकीत सोडायचे कुणी? मी कॉलेजात असायची. दुपारी घरात आप्पा. त्यांनी जाळी हातात घेतली, किटलीत बुडवली, चार झिंगे उचलले, आणि पुन्हा किटलीत सोडले. असं तीनदा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

"जीव जिवाला खातो, ते मला कळतंय," आप्पा म्हणाले. "पर मधी माझा हात कशाला?"

ज्या बाईच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, तिनं पदर खोचला, आप्पांच्या हातातली जाळी घेतली आणि झिंगे टाकीत सोडले. एका पिल्लानं दोन सोंडा सुर्रकन पुढं फेकल्या. झिंगा गेला.

काकू हात धुवायला वळल्या. "चोच देणाऱ्यानं चारा आधीच ठरवलाय. तुमी निस्ते वाढपी! पंगतीत वाढपी रडतो का कदी?"

दुसऱ्या दिवसापासून आप्पा वाढू लागले. वाढताना डोळे मात्र मिटायचे.

* * *

मी रोज सकाळी पिल्लं मोजून वहीत लिहायची. पण जो प्राणी वाळूत वाळू आणि दगडात दगड होतो, तो मोजायचा कसा? एकदा तिघांनी मोजली. माझी आली तेरा, आप्पांची सोळा, काकूंची अकरा.

काकूंनी माझी वही मिटली. "लेकरं मोजू न्हाईत, मॅडम. मोजली की कमी व्हतेत."

मी विज्ञानाची शिक्षिका. हसले आणि मोजत राहिले. त्या महिन्यात सात गेली. कुणी खाल्लंच नाही, कुणाचं कारण कळलं नाही.

आठवं गेलं तेव्हा मी वही कपाटात टाकली.

* * *

आप्पांच्या धाकट्या भावाची मुलगी गौरी, बी.एस्सी. झालेली. तिला बघायला पुण्याहून स्थळ आलं. बैठक आप्पांच्या पुढच्या खोलीत. मुलगा चांगला, नोकरी चांगली, बोलणं चांगलं. पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी नेहमीसारखं "तुम्ही दोघं बोला" म्हटलं, आणि दोघं टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

माकुळं तेव्हा तळहाताएवढी झाली होती. मुलानं काचेवर टकटक केलं.

गौरी म्हणाली, "वाजवू नका. घाबरतात ती."

तो हसला आणि पुन्हा वाजवलं.

"नका ना."

तिसऱ्यांदा जोरात वाजवलं, आणि टाकीत शाईचा ढग उठला. एकानं सोडली म्हणून दुसऱ्यानं सोडली. मिनिटात काच काळी! मी आणि आप्पा बादल्या घेऊन धावलो, पाहुणे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. मुलगा मात्र मोबाइलवर व्हिडिओ घेत होता.

संध्याकाळी गौरीनं नकार कळवला. मध्यस्थ हटून बसले. "एका माशापायी असलं स्थळ घालवता? काही रीत हाय का?"

आप्पांनी गौरीकडं बघितलं.

"माशाचं काय न्हाई, काका," ती म्हणाली. "मी दोनदा नको म्हणलं होतं."

* * *

माकुळाचं आयुष्यच मुळात वर्षभराचं. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि बघितलेलं यात फरक असतो. एकेक करत गेली. शेवटी एकच राहिलं, सगळ्यांत मोठं. काकू त्याला थोरला म्हणायच्या. आप्पा समोर आले की त्याच्या अंगावरून पट्ट्यांची लाट जायची. ती ओळख होती की भूक, ते मला सांगता येणार नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यानं खाणं सोडलं. कातडी पांढरी पडून सोलायला लागली. युसूफभाई झिंगे घेऊन आले त्या दिवशी, अंधार पडल्यावर ते गेलं. युसूफभाई किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मी म्हटलं, कॉलेजात नेते, फॉर्मॅलिनमध्ये ठेवू, मुलांना बघायला होईल. आप्पा म्हणाले, "न्हाई. घरचं हाय."

अंगणात लिंबाच्या झाडाखाली युसूफभाईंनीच खड्डा केला. काकूंनी देवघरातून विभूती आणली. आप्पांच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरताना तोंडाची दिशा बघतात. आप्पा गुडघ्याची पर्वा न करता खाली बसले. थोरल्याला दोन्ही हातांत घेऊन ते खड्ड्याशी थांबून राहिले.

"मॅडम, ह्येचं तोंड कुणीकडं करायचं?"

मी चहूकडं बघायला लागले.

"समुद्र कुणीकडं हाय?" त्यांनी विचारलं. जन्मात त्यांनी समुद्र बघितला नव्हता. काकूंनीही नाही. मी बघितला होता, पण त्या अंगणात चारी बाजूंना घरं, वर पाण्याच्या टाक्या, आणि मला पटकन दिशाच लागेना.

युसूफभाईंनी फावडं खाली ठेवलं आणि क्षणभरही न थांबता गल्लीच्या टोकाकडं हात केला.

"उधर, आप्पा."

"नक्की?"

"रोज पाच वक्त उधरीच मूं करके खडा रहता मैं."

आप्पांनी थोरल्याला तिकडं वळवलं.